मोशीतल्या आमच्या सोसायटीचा एसटीपी आणि तो चालवणारी नवी एजन्सी

आमच्या सोसायटीचा सांडपाणी शुद्ध करून फ्लशला आणि बागेला देणारा प्रकल्प, म्हणजे सगळे ज्याला नुसतं एसटीपी म्हणतात तो, आता नीट चालतो. फ्लशला येणारं पाणी स्वच्छ आहे, बी विंगच्या पार्किंगमधला वास गेला आहे आणि बागेला वेगळं पाणी विकत घ्यावं लागत नाही. गेल्या जूनमध्ये आम्ही एजन्सी बदलली. तेव्हापासून आजूबाजूच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी भेटले की विचारतात, कोणाला दिलंय, किती घेतात, वास खरंच गेला का? म्हणून एकदा सविस्तर लिहिते. आधीच्या एजन्सीबद्दल मला कडक लिहायचं आहे, तेव्हा दोन्ही एजन्सींची नावं बाजूला ठेवते. मी कमिटीवर आहे आणि निवृत्तीआधी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवत होते, एवढी ओळख पुरे.

आधी प्रकल्पाबद्दल. तीन विंग, १४४ फ्लॅट. बिल्डरने घरटी पाच माणसं धरली, माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं, त्यातलं नव्वद टक्के सांडपाणी होऊन खाली येणार असा हिशोब केला आणि ९० केएलडीचा, म्हणजे रोज ९० हजार लिटरचा प्रकल्प बसवला. प्रत्यक्षात राहतात सव्वापाचशेच्या आसपास माणसं, त्यामुळे रोज ६० हजार लिटरच्या आगेमागे पाणी येतं. बहुतेक सोसायट्यांत असंच असतं. प्रकल्प कागदावर मोठा असतो आणि त्याला खायला कमी मिळतं. हे लक्षात न घेता चालवला तर बिघडतो. पण त्यावर पुढे येते.

पद्धत जुनी, एक्स्टेंडेड एरेशन. पाणी आधी जाळीतून जातं, मग तेल-ग्रीसच्या चेंबरमधून साठवण टाकीत, ज्याला इक्वलायझेशन टँक म्हणतात. तिथून एरेशन टँक, मग सेटलिंग, मग सँड फिल्टर आणि कार्बन फिल्टर, शेवटी हायपो, म्हणजे जंतू मारणारं क्लोरिनचं द्रावण. खरं काम एरेशन टँकमध्ये होतं. खालून ब्लोअरने हवा सोडायची, जिवाणू घाण खातात, वाढतात, त्यांचा गाळ पुढच्या टाकीत खाली बसतो आणि त्यातला बराचसा पंपाने परत मागे आणून पुन्हा कामाला लावायचा. हा गाळ परत फिरवण्याचा शोध आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी मँचेस्टरला लावला आणि १९१४ मध्ये जाहीर केला. शंभर वर्षं उलटून गेली तरी मूळ युक्ती तीच आहे. आमच्या इमारतीखाली रोज तीच चालते याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

मोशी पिंपरी-चिंचवडमध्ये येतं आणि इथे राहणाऱ्यांना एसटीपीचं महत्त्व सांगायला नको. नोव्हेंबर २०१९ पासून शहराला दिवसाआड पाणी येतं. माणशी १३५ लिटरमध्ये ४५ लिटर फ्लशचे धरतात, म्हणजे एक तृतीयांश. एसटीपी बंद पडला की पवना नदीचं शुद्ध केलेलं पिण्याचं पाणी संडासात जातं आणि वर टँकर मागवावे लागतात. शिवाय महापालिकेच्या नोटिशीची टांगती तलवार आहेच. आमच्याकडे ही सगळी परिस्थिती आधीच्या एजन्सीच्या काळात होती.

त्यांचा दर महिन्याला ३८ हजार. कोटेशन सगळ्यांत कमी म्हणून सर्वसाधारण सभेत टाळ्या वाजवून मंजूर झालेलं. एक ऑपरेटर दिवसा, रात्री कोणी नाही. संध्याकाळी जाताना तो ब्लोअर बंद करून जायचा, वीज वाचते म्हणून. हवा बंद झाली की टाकीतला प्राणवायू संपतो, जिवाणू गुदमरतात आणि हवेशिवाय जगणारे दुसरे जिवाणू डोकं वर काढतात. तेच सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. बी विंगच्या खालच्या दोन मजल्यांवरच्या लोकांनी खिडक्या उघडणं सोडून दिलं होतं. फ्लशचं पाणी राखाडी यायचं, भांड्यात पिवळट-तपकिरी डाग पडायचे आणि ग्रुपवर रोज सकाळी फोटो. वास जास्त आला की ऑपरेटर हायपो दुप्पट ओतायचा. मग वास आणि क्लोरिन दोन्ही एकत्र यायचे.

आणि तरीही दर महिन्याचा लॅब रिपोर्ट एकदम उत्तम! बीओडी ८, पीएच ७.२. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आमच्या संमतीपत्रात बीओडीची मर्यादा १० आहे, त्यामुळे रिपोर्ट बघून सगळे निर्धास्त. मी कमिटीवर आले आणि मागच्या रिपोर्टांची फाइल मागवली. दर महिन्याला बीओडी ८. उन्हाळा, पावसाळा, दिवाळीची सुट्टी, सोसायटी निम्मी रिकामी, तरी ८. पण मला खटकली ती तारीख. नमुना घेतल्याची तारीख आणि रिपोर्टची तारीख यांत एकच दिवसाचं अंतर होतं. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणूंनी किती प्राणवायू वापरला त्याचं माप. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवावा लागतो. पूर्वीची पद्धत २० अंशांवर पाच दिवसांची. म्हणजे कोणत्याही लॅबने, कितीही घाई केली तरी, सोमवारी घेतलेल्या पाण्याचा बीओडी मंगळवारी देता येत नाही. ही एक गोष्ट प्रत्येक कमिटीने आपल्या फाइलमध्ये आजच बघावी. त्याला केमिस्ट्री यावी लागत नाही, दोन तारखा वाचता आल्या की झालं.

आम्ही स्वतः एका मान्यताप्राप्त लॅबमध्ये नमुना दिला. आकडा इथे लिहीत नाही, पण ते पाणी सांडपाणी म्हणूनच ओळखलं जाईल असं होतं. त्याच महिन्यात करार संपवला.

नवी एजन्सी निवडताना मी एकच आग्रह धरला. दर नंतर सांगा, आधी इथे कोण बसणार ते दाखवा. तीन कंपन्यांचे मार्केटिंगवाले येऊन प्रेझेंटेशन देऊन गेले. चौथ्या कंपनीचा सुपरवायझर येताना सोबत एक पन्नाशीचे गृहस्थ घेऊन आला. ते वाशीमकडचे, आधी एका औषध कंपनीच्या ईटीपीवर, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी प्रकल्पावर होते. त्यांनी कोणाशी फार बोलणं केलं नाही. खाली जाऊन एरेशन टँकचं झाकण उघडलं, टॉर्च मारला आणि म्हणाले, “मॅडम, या कोपऱ्यात उकळी फुटतेय आणि बाकी टाकी झोपलीय. डिफ्युझर फाटलेत तुमचे.” खरंच एका कोपऱ्यात परातीएवढे बुडबुडे येत होते आणि बाकीच्या टाकीत पाणी संथ. डिफ्युझरच्या रबरी पडद्याला बारीक छिद्रं असतात, त्यातून बारीक बुडबुडे यायला हवेत, म्हणजे हवा पाण्यात विरघळते. पडदा फाटला की सगळी हवा तिथूनच पळते. ब्लोअर चालू, मीटर फिरतंय, बिल येतंय आणि जिवाणू उपाशी. ही गोष्ट आधीच्या एजन्सीने आम्हाला कधीही सांगितली नव्हती. या गृहस्थांना आता सगळी सोसायटी ‘मामा’ म्हणते.

डिफ्युझर बदलताना जे पाहिलं त्यासाठी या एजन्सीला माझे सगळ्यांत जास्त गुण. टाकी रिकामी केल्यावर आत उतरावं लागणार होतं. आमच्याच एका सभासदाने सुचवलं, नाक्यावरून दोन माणसं आणा, हजार-हजार रुपयांत उतरतील. सुपरवायझरने तोंडावर नाही म्हणून सांगितलं. टाकी पंपाने उपसून झाकणं उघडी ठेवली, मोठा पंखा लावून हवा खेळती केली, दोरीला बांधून गॅस मीटर खाली सोडला, आकडा लिहून घेतला, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजला. तिवई उभी केली, उतरणाऱ्याला कंबरपट्टा आणि दोर, वर दोन माणसं सतत उभी. कामाला दोन दिवस जास्त लागले. ग्रुपवर कुरकुर झाली, फ्लशला पिण्याचं पाणी द्यावं लागतंय म्हणून. मी तिथे स्पष्ट लिहिलं आणि इथेही लिहिते. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, टाकीच्या तळाशी साचतो आणि प्रमाण वाढलं की नाकाला वास कळेनासा होतो. माणसाला वाटतं वास गेला, आता ठीक आहे. दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही जातो. सोसायट्यांच्या टाक्यांत आणि चेंबरमध्ये माणसं मेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या अशाच घडतात. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस आत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि जबाबदारी फक्त ठेकेदाराची राहत नाही, काम देणाऱ्या सोसायटीचीही असते. जी एजन्सी या बाबतीत घासाघीस करते तिला दारातूनच परत पाठवा. दर कितीही कमी असो.

टाकी भरल्यावर प्रकल्प पुन्हा जिवंत करायचा असतो. याला आपल्याकडे शेण, गूळ आणि युरिया टाकायची पद्धत आहे. नवी एजन्सी त्या फंदात पडली नाही. त्यांच्याकडच्या दुसऱ्या चालू प्रकल्पातला गाळ टँकरने आणून एरेशन टँकमध्ये सोडला. विरजण लावतात तसंच हे, सांडपाणी खायला सरावलेले जिवाणू आयते मिळतात. पहिले काही दिवस टाकीवर पांढराशुभ्र फेस आला आणि लोक घाबरले. गाळ कोवळा असताना तसा फेस येतो, साबणाचाही असतो. तो हळूहळू ओसरला आणि टाकीला चॉकलेटी रंग चढला. पार्किंगमधला वास त्याआधीच गेला होता.

आता रोजचं काम. मामा सकाळी आठच्या सुमाराला एरेशन टँकमधून एक लिटरच्या काचेच्या मापात पाणी काढतात आणि खोलीतल्या टेबलावर ठेवतात. अर्धा तास त्याला कोणी हात लावायचा नाही. सुरुवातीला सगळं गढूळ तपकिरी. पाचेक मिनिटांत कण एकमेकांना धरून कापसासारखे गोळे होतात आणि एक रेघ दिसायला लागते. वर पाणी, खाली गाळ, आणि ती रेघ खाली सरकत जाते. अर्ध्या तासाने ती २५० ते ३५० मिलीच्या मध्ये कुठेतरी थांबली की मामा वहीत आकडा लिहितात आणि चहा घेतात. दीडशेच्या खाली गेली तर गाळ कमी पडतोय, पाचशेच्या वर राहिली तर जास्त झालाय किंवा नीट बसत नाहीये. आकड्याइतकंच ते वरचं पाणी बघतात. माप उजेडात धरून मागे वहीची रेघ दिसते का बघायचं. मग वास. चांगल्या गाळाला ओल्या मातीचा वास येतो, याच्यावर माझा विश्वास बसत नव्हता तो त्यांनी मला माप हातात देऊन बसवला.

एकदा माप उचलायचं राहिलं आणि दुपारी बघितलं तर खाली बसलेला सगळा गाळ थराथराने वर तरंगत आलेला. नवीन मुलगा घाबरला, गाळ मेला म्हणाला. मामा म्हणाले, “मेला नाही, वर आलाय. खाली टाकीतपण हेच होत असणार, बघ जाऊन.” सेटलिंग टँकवर खरंच गाळाच्या पोळ्या तरंगत होत्या. मला ते बघून आनंदच झाला, कारण हे वर्गात शिकवलेलं समोर घडत होतं. एरेशनमध्ये अमोनियाचा नायट्रेट झालेला असतो. पुढे गाळ हवेविना फार वेळ पडून राहिला की जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू घेतात, नायट्रोजन वायू सुटतो आणि त्याचे बुडबुडे गाळाला वर उचलतात. म्हणजे प्रकल्प चांगला चालला होता, फक्त गाळ सेटलिंगमध्ये जास्त थांबत होता. मामांना नायट्रेटचं नाव ठाऊक नव्हतं, उपाय ठाऊक होता. त्यांनी गाळ परत आणणाऱ्या पंपाची वेळ वाढवली आणि दोन दिवसांत वरचा थर गेला. मी त्यांना कारण सांगितलं, त्यांनी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. पैसे आपण याच नजरेचे देतो. पंप आणि फिल्टर सगळ्यांकडे सारखेच असतात.

शेवटच्या टाकीतल्या पाण्यात रोज ओटीओ या तपासणीच्या रसायनाचे थेंब टाकून क्लोरिन बघतात. पिवळा रंग आला की क्लोरिन आहे. आधीच्या काळात हायपोचे कॅन उन्हात पडलेले असायचे आणि उष्णतेने त्यातला दम निघून जायचा, मग कितीही ओता. आता कॅन सावलीत आणि महिन्याला पुरतील एवढेच.

सभासदांबद्दलही लिहायला हवं, कारण एजन्सी कितीही चांगली असली तरी वरून काय येतं ते आपल्या हातात आहे. जाळीत रोज काय सापडतं ते मामांनी एकदा मला दाखवलं. ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, कानात घालायच्या काड्या, शाम्पूच्या पुड्या, केसांचे पुंजके. पाकिटावर फ्लश करता येतात असं लिहिलेले वाइप्ससुद्धा जसेच्या तसे येतात आणि पंपाच्या पंख्याला गुंडाळतात. कमिटीने जाळीतल्या त्या ढिगाचा फोटो तिन्ही विंगच्या लिफ्टमध्ये लावला. काहींना तो आवडला नाही. मला वाटतं लावला ते बरोबर केलं. हा ढीग दुसऱ्या माणसाला हाताने उचलावा लागतो. दुसरं म्हणजे अॅसिड. दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या घरांतून एकाच आठवड्यात अॅसिड आणि फिनेल खाली येतं आणि गाळ आजारी पडतो. गेल्या दिवाळीआधी मामांनी सांगितल्यावरून आम्ही विंगवार दिवस वाटून दिले. सगळ्यांनी पाळले नाहीत, पण फरक पडला. आणि दिवाळीत अर्धी सोसायटी गावाला गेली की उलटा प्रश्न, खायला कमी. तेव्हा ब्लोअरची वेळ कमी करावी लागते, पण रात्रभर बंद नाही, थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद. जाड तपकिरी, चिवट फेस दिसला तर गाळ म्हातारा झाला असं समजून जास्तीचा काढून फिल्टर प्रेसमध्ये, म्हणजे गाळातलं पाणी काढणाऱ्या यंत्रात, दाबतात. त्याच्या वड्या वाळवून आमचा माळी बागेतल्या झाडांना घालतो. भाजीच्या वाफ्यांना घालायची नाही असं मी सांगून ठेवलं आहे.

तक्रारी आहेत. पावसाळ्यात सी विंगजवळच्या चेंबरचं झाकण फुटलेलं होतं. मोठ्या पावसात रस्त्याचं पाणी आत घुसलं, प्रकल्पात एकदम दुप्पट पाणी आलं आणि सेटलिंगमधला गाळ वाहून पुढे गेला. सँड फिल्टर तुंबला आणि फ्लशला गढूळ पाणी आलं. झाकण सोसायटीचं, ती आमची जबाबदारी. पण तो रविवार होता. रविवारी मामांची सुट्टी असते आणि बदली ऑपरेटरला पाणी वळवायचा बायपास कुठला हेही ठाऊक नव्हतं. सुपरवायझर संध्याकाळी पोचला. प्रकल्प पूर्ववत व्हायला आठवडा गेला. बदली माणूस दर वेळी वेगळा पाठवायचा नाही असं आम्ही त्यांना लेखी कळवलं. आता एकच ठरलेला मुलगा येतो आणि भिंतीवर व्हॉल्व्हचा रंगीत नकाशा लावलेला आहे. ब्लोअरच्या आवाजाची तक्रार अजून मिटलेली नाही. बी विंगच्या पहिल्या मजल्यावरचे आजोबा रात्री झोप लागत नाही म्हणतात आणि ते खरं आहे. सायलेन्सर बदलला, पायाखाली रबर पॅड घातले, थोडा कमी झाला. ब्लोअरभोवती आवाज शोषणारी पेटी बसवायचं कोटेशन दिलंय, ते कमिटीने लवकर मंजूर करायला हवं.

आणखी एक. सुरुवातीच्या कोटेशनमध्ये दर महिन्याला ‘कल्चर पावडर’चे, म्हणजे जिवाणूंच्या विकतच्या पावडरीचे, सहा हजार होते. मी ते खोडायला लावले. नीट चालणाऱ्या प्रकल्पात जिवाणू आपोआप वाढतात, ते रोज आपल्याच घरांतून येतात. पावडर कधीतरी अडचणीत उपयोगी पडत असेल, दरमहा लावायची गरज नाही. त्यांनी फारसा वाद घातला नाही, यावरून काय ते समजा.

पैशांचं सांगते. आता महिन्याला ५७ हजार. तीन पाळ्या, म्हणजे रात्रीही माणूस. हायपो, किरकोळ दुरुस्ती आणि लॅब त्यात धरलेली, मोठे सुटे भाग वेगळे. ऑपरेटरांचा पीएफ आणि ईएसआयसी भरल्याच्या पावत्या दर महिन्याच्या बिलासोबत, ही अट आम्ही घातली. सगळ्यांत कमी दरवाल्याला ते परवडत नाही, म्हणून त्याचा दर कमी असतो. वीज रोज शंभर युनिटच्या आसपास, आधीपेक्षा जास्त, कारण ब्लोअर आता खरंच चालतो. दुसऱ्या बाजूला फ्लश आणि बाग मिळून रोज तीस हजार लिटर पाणी वापरात येतं. दहा हजार लिटरचे तीन टँकर झाले. गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका टँकरला बाराशे देत होतो, हिशोब कोणीही करावा. उरलेलं पाणी चांगलं असूनही ड्रेनेजला जातं, याचं मला वाईट वाटतं. शेजारी बांधकाम चालू आहे, त्यांना ते देण्याबद्दल बोलणी चालू आहेत.

लॅबचा नमुना आता एजन्सी घेत नाही. कमिटीतलं कोणीतरी समोर उभं राहून लॅबच्या माणसाकडून बाटली भरून घेतं आणि सील करतं, तारीख-वेळ लिहून. रिपोर्ट थेट सोसायटीच्या मेलवर येतो. बीओडी एकदा ६ आला, एकदा ९, पावसाळ्यातल्या त्या महिन्यात १४. तो १४ बघून मला रिपोर्टवर विश्वास बसला.

बरेच जण विचारतात की जुनी पद्धत काढून एमबीबीआर करू का. एमबीबीआरमध्ये प्लास्टिकच्या छोट्या चक्त्या पाण्यात फिरतात आणि जिवाणू त्यांना चिकटून वाढतात. नॉर्वेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत निघाली, तिथे लहान लहान वस्त्यांचे प्रकल्प पुष्कळ. जागा कमी लागते आणि पाण्याचा भार एकदम वाढला तरी जिवाणू वाहून जात नाहीत, हा मोठा फायदा. आमच्याकडे पावसात जे झालं ते तिथे कमी झालं असतं. पण डिफ्युझर, ब्लोअर आणि माणूस तिथेही लागतोच. एमबीआरमध्ये पाणी अतिबारीक छिद्रांच्या पडद्यातून, म्हणजे मेंब्रेनमधून, गाळतात. ते पाणी फार सुंदर येतं, पण मेंब्रेन धुणं आणि बदलणं आमच्यासारख्या सोसायटीला झेपणार नाही असं माझं मत. मोकळी जागा असलेल्या शाळा, आश्रम किंवा गावाकडच्या वस्तीने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड जरूर बघावं. खडीच्या वाफ्यात कर्दळीसारखी झाडं लावून त्यातून पाणी नेतात, वीज जवळजवळ लागत नाही. शहरात तेवढी जागा काढणं अवघड. ज्यांचा प्रकल्प आज बंद आहे त्यांनी नवीन तंत्रज्ञानाचं कोटेशन मागवण्याआधी टाकीचं झाकण उघडून बुडबुडे सगळीकडे सारखे येतायत का ते बघावं.

आणि एक तपासणी राहूनच जाते. फ्लशची लाइन आणि पिण्याची लाइन कुठे एकमेकांना जोडली गेली नाही ना? घरात नूतनीकरण करताना प्लंबर चुकून जोडतात. आम्ही फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून सगळ्या घरांतले नळ सोडून बघितले. दोन घरांत बेसिनला रंगीत पाणी आलं. दोन्ही घरांत लहान मुलं आहेत. एसटीपी कितीही चांगला चालत असो, हे वर्षातून एकदा कराच.

करार जूनमध्ये संपतो. एजन्सीने आठ टक्के वाढ मागितली आहे. मामा इथेच राहणार असं कराराच्या कागदावर लिहून देत असतील तर मी वाढीच्या बाजूने मत देणार आहे. ज्यांना प्रकल्प बघायचा आहे त्यांनी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान यावं, तेव्हा सगळ्या घरांतून पाणी एकदम खाली येत असतं आणि प्रकल्पाची खरी परीक्षा दिसते. दुपारी कुठलाही एसटीपी चांगलाच दिसतो. येताना एक रिकामी पारदर्शक बाटली आणा, शेवटच्या टाकीतलं पाणी भरून देऊ.